पुलाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे : हेलसिंकीच्या वस्त्यांमधून एक पाठ



१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. आमची शाळा कराड तालुक्यातली, म्हणजे खाशाबांचं गोळेश्वर आम्हाला परकं नाही. दरवर्षी आम्ही फोटोला हार घालतो, दोन-तीन मुलं भाषणं करतात, ‘१९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं, मग खाऊवाटप. यंदा खाऊ वाटता वाटता सातवीतल्या एका मुलाने विचारलं, “सर, ते हेलसिंकी कसलं गाव हाय?”

मी म्हणालो, “फिनलंडची राजधानी.”

“ते पाठ हाय. पण गाव कसलं?”

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. एवढी वर्षं मी शहरं शिकवली ती अशीच. राजधानी, लोकसंख्या, नदी किंवा समुद्र, चार प्रेक्षणीय स्थळं, संपला धडा. गाव कसलं आहे हे सांगायचं तर त्यातल्या आळ्या, पेठा, वस्त्या सांगाव्या लागतात. कोण कुठे राहतं, का राहतं, आधी तिथे काय होतं. आपल्या गावाबद्दल कुणी विचारलं तर आपण हेच सांगतो ना?

योगायोग असा, की आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त तीन वर्षं हेलसिंकीत आहे. तिला मेसेज केला. तिने लगेच कळवलं, “सर, व्हिडिओ कॉल करू. मी चालत चालत दाखवते, तुम्ही मुलांना नकाशा धरायला सांगा.” लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही वर्गात आहेच. जानेवारी ते मार्चपर्यंत असे चार कॉल झाले. त्यातून जो पाठ तयार झाला तो इथे मांडतोय. तुम्हाला तुमच्या वर्गात वापरता येईल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण पाठ शेवटी हेलसिंकीत राहिला नाही.

पहिला कॉल आमच्या सकाळी ११ वाजता. टीव्हीवर मिट्ट काळोख. मुलांना वाटलं कॅमेरा बंद आहे. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते आणि सूर्य उगवायला अजून दीड तास होता! इथेच भूगोलाचा अर्धा तास वसूल झाला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, फिनलंडची हिवाळ्यातली वेळ ३० अंशांवरची. फरक ५२.५ अंश, गुणिले चार मिनिटं, म्हणजे २१० मिनिटं, साडेतीन तास. मुलांनी फळ्यावर स्वतः सोडवलं. आणि अंधार का? तर हेलसिंकी ६० अंश उत्तर अक्षवृत्ताजवळ आहे. डिसेंबरात तिथला दिवस सहा तासांहूनही छोटा आणि जूनमध्ये जवळजवळ १९ तासांचा. हे पुस्तकात मुलं दरवर्षी वाचतात. पण सकाळी साडेसातला दिव्याच्या उजेडात शाळेत निघालेली, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या लावलेली, सात-आठ वर्षांची एकटी मुलं टीव्हीवर बघितली तेव्हा वर्ग गप्प झाला. मग एकीने विचारलं, “त्यांना भ्या वाटत न्हाई?”

दुसरा कॉल मुद्दाम दुपारी अडीचला ठेवला. तिकडे ११, म्हणजे उजेड. इथून खरी भटकंती सुरू झाली.

तिने आम्हाला आधी नेलं ते शहराच्या झगमगाटात नाही, तर एका ओढ्यावजा नदीच्या मुखाशी. वान्ता नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक धबधबा आहे, मोठा नाही, धरणाच्या सांडव्याएवढा. या भागाचं नाव वान्हाकौपुन्की, अर्थ ‘जुनं शहर’. १५५० साली स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने इथे हेलसिंकी वसवलं. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या ताब्यात होतं. समुद्रापलीकडच्या तालिन शहराचा व्यापार आपल्याकडे वळवायचा हा राजाचा बेत. त्यासाठी त्याने दुसऱ्या चार गावांतल्या व्यापाऱ्यांना हुकूम सोडला, उठा आणि इथे राहायला या. बंदर उथळ, व्यापार येईना, लोक कंटाळलेले. शेवटी १६४० मध्ये गावच उचलून दक्षिणेला, खोल समुद्राजवळ नेलं. स्वीडिश भाषेत शहराचं नाव अजून हेलसिंगफोर्स आहे. त्यातला ‘फोर्स’ म्हणजे हाच धबधबा. गाव हललं, नावात पाणी राहिलं. पुनर्वसित गावांचा अनुभव आमच्या भागाला आहे, कोयना धरणाने उठवलेली गावं मुलांच्या आजोळांत आहेत, त्यामुळे ‘राजाने उठवलं’ हे वाक्य वर्गाला समजावून सांगावं लागलं नाही.

इथे एक शब्दखेळ घेतला, तो तुम्हीही जरूर घ्या. फिनिश भाषेत ‘सारी’ म्हणजे बेट, ‘निएमी’ म्हणजे भूशिर, ‘लाहती’ म्हणजे खाडी, ‘रांता’ म्हणजे किनारा, ‘सातामा’ म्हणजे बंदर, ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला. एवढ्या सहा शब्दांवर मुलांनी नकाशातली नावं फोडली : वुओसारी, हाकानिएमी, त्योलोनलाहती, अराबियानरांता, कालासातामा, सुओमेनलिन्ना. मग एक हुशार पोरगं म्हणालं, “सर, वुओसारी तर बेट दिसत न्हाई, जमिनीला चिकटलंय.” अगदी बरोबर. बाल्टिक समुद्राचा हा तळ दर वर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येतोय. हिमयुगात जाड बर्फाच्या ओझ्याने दबलेली जमीन बर्फ वितळल्यावर अजून हळूहळू उसासतेय. त्यात माणसाने भरावही घातले. जुनी बेटं किनाऱ्याला जोडली गेली, नावं तेवढी उरली. आणखी एक गंमत, या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच आणि पाणी इतकं कमी खारट की हिवाळ्यात गोठतं. समुद्र म्हटलं की भरती-ओहोटी, हे आपलं ठोकळ उत्तर इथे चुकतं.

१६४० नंतरच्या गावाचा गाभा म्हणजे क्रुनुनहाका. नावाचा अर्थ ‘राजाचं कुरण’. आपण गायरान म्हणतो ना, तसंच, फक्त सरकारी घोड्या-गुरांचं. पुढे १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेलं आणि १८१२ मध्ये झार पहिला अलेक्झांडर याने राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला आणली. जुनी राजधानी स्वीडनच्या जवळ होती, नवी पीटर्सबर्गच्या. बस, एवढंच कारण. तेव्हा हेलसिंकी चार हजार वस्तीचं, नुकत्याच लागलेल्या आगीत जळालेलं लाकडी गाव होतं. बर्लिनहून आलेला वास्तुकार कार्ल लुडविग एंगेल याने त्यावर पांढरं-पिवळं राजेशाही शहर उभं केलं. सिनेट चौक, विद्यापीठ, ग्रंथालय आणि उंच पायऱ्यांवरचं पांढरं कॅथेड्रल. कॅथेड्रल १८५२ मध्ये पुरं झालं. एंगेल १८४० मध्येच गेला होता. बघायला देखणं आहे सगळं, पण मुलं इथे फार रमली नाहीत, मीही नाही. पर्यटकांच्या फोटोतलं शहर ते हेच, ते तुम्हाला कुठेही मिळेल.

चौकातून पाच-दहा मिनिटांवर बाजारबंदर आणि पलीकडे कातायानोक्का. लाल विटांचं रशियन ऑर्थोडॉक्स चर्च, धक्क्याला लागलेली बर्फफोडी जहाजं आणि एक जुना तुरुंग, ज्याचं आता हॉटेल झालंय. पैसे देऊन तुरुंगात झोपायला जाणाऱ्या माणसांवर वर्ग पोट धरून हसला. पण तिथल्या सुंदर नक्षीदार इमारतींच्या जागी आधी गरिबांच्या लाकडी झोपड्या होत्या, त्या एकोणिसाव्या शतकात पाडल्या, हे ऐकल्यावर एकाने विचारलं, “मग ती माणसं कुटं गेली?” या प्रश्नाचं नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण शहरातले कष्टकरी कुठे राहायचे, याचं उत्तर होतं. ते पुलापलीकडे.

आता मुख्य ठिकाणी आलो. क्रुनुनहाकाच्या उत्तरेला समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर दगडी पूल, पित्कॅसिल्ता. अर्थ ‘लांब पूल’. लांब मुळीच नाही, चालत दोन मिनिटं. आजचा ग्रॅनाइटचा पूल १९१२ चा. पुलाच्या दक्षिणेला साहेबांचं शहर, उत्तरेला हाकानिएमी आणि कल्लिओ, म्हणजे कामगारांचं. कल्लिओचा अर्थ ‘खडक’. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जवळच्या कारखान्यांत काम करायला खेड्यापाड्यांतून आलेली माणसं या खडकावर राहिली. एक खोली, एक स्वयंपाकघर, त्यात अख्खं कुटुंब आणि वर एखादा भाडेकरू. घरात न्हाणीघर नाही, म्हणून गल्लीत सार्वजनिक सौना. १९२८ मध्ये सुरू झालेला लाकडांवर तापणारा एक सौना तिथे अजून चालू आहे. आमची विद्यार्थिनी कल्लिओतच राहते. ती म्हणाली, “सर, गिरणगावातल्या चाळी जशा, तसंच समजा. आणि आता गिरणगावात झालं तेच इथे. कामगार गेले, विद्यार्थी, कलाकार, आमच्यासारखे आयटीवाले आले आणि भाडी वाढली.”

पुलावर थांबून तिने कॅमेरा कठड्याच्या दगडाजवळ नेला. दगडात खळगे होते. ते गोळ्यांचे.

१९१७ च्या डिसेंबरात फिनलंड रशियापासून स्वतंत्र झालं आणि दोनच महिन्यांत देशात यादवी पेटली. एका बाजूला ‘लाल’, म्हणजे मुख्यतः कामगार आणि भूमिहीन. दुसऱ्या बाजूला ‘पांढरे’, म्हणजे जमीनदार शेतकरी, मध्यमवर्ग, सरकार. जानेवारी १९१८ च्या शेवटी हाकानिएमीतल्या कामगार भवनाच्या मनोऱ्यावर लाल कंदील पेटला, ती उठावाची खूण होती. एप्रिलमध्ये जर्मन सैन्याच्या मदतीने पांढऱ्यांनी हेलसिंकी परत घेतलं, तेव्हाच्या चकमकीतले हे खळगे. एवढ्याशा देशात काही महिन्यांत ३५ हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांतली पुष्कळशी लढाईत नाही, तर लढाईनंतर कैदेत, भुकेने आणि रोगांनी. आपापसातली ती जखम भरायला त्या देशाला किती तरी वर्षं लागली. ‘पुलाच्या कुठल्या बाजूचा?’ हा प्रश्न हेलसिंकीत पिढ्यान्‌पिढ्या नुसता पत्ता विचारण्यापुरता नव्हता.

सातवीच्या वर्गात हे सांगावं का? मला आधी शंका होती. शिक्षणासाठी जगात नावाजलेला, शांत, सुखी देश, असंच फिनलंडचं चित्र आपण सगळेच उगाळतो. मीही प्रशिक्षणांत टाळ्या वाजवल्यात. पण तो देश असा जन्माला आला नाही, हे मुलांना कळलं पाहिजे असं मला वाटलं, म्हणून सांगितलं. सगळ्या मुलांना शाळेत मोफत जेवण देण्याचा कायदा फिनलंडने १९४३ मध्ये केला आणि १९४८ पासून तो सगळीकडे लागू झाला. तेव्हा तो देश युद्धांनी पिचलेला, गरीब होता. हेलसिंकीत त्याच काळापासून, १९४२ पासून, उन्हाळ्याच्या सुट्टीत महापालिकेच्या खेळाच्या मैदानांवर मुलांना दुपारी फुकट गरम जेवण मिळतं. आजही मिळतं, १६ वर्षांच्या आतल्या कुठल्याही मुलाला. अट एवढीच, वाटी-चमचा घरून आणायचा. कुणाचं मूल, पुलाच्या कुठल्या बाजूचं, कुणी विचारत नाही. आमच्या पोषण आहाराच्या मावशी हे ऐकायला मुद्दाम दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सुट्टीत पन देत्यात? मग मावशींना सुट्टी कदी?”

तिसरा कॉल खास खाशाबांसाठी. त्योलो हा शहराच्या पश्चिमेचा भाग, मध्यमवर्गीयांसाठी विसाव्या शतकात वाढलेला, सरळ रेषांच्या साध्या इमारतींचा. तिथलं ऑलिंपिक स्टेडियम १९३८ मध्ये बांधून झालं, १९४० च्या स्पर्धांसाठी. महायुद्धामुळे स्पर्धा रद्द झाल्या. बारा वर्षं थांबून शहराने त्या १९५२ मध्ये भरवल्या. स्टेडियमच्या मनोऱ्याची उंची ७२.७१ मीटर. ही विचित्र संख्या का? कारण १९३२ मध्ये मात्ती यार्विनेन या फिनिश खेळाडूने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं तो फेक नेमका एवढा होता. गणिताच्या तासाला मैदानावर ७२.७१ मीटर मोजून काढा. आमच्या मैदानाबाहेर जाऊन पार रस्त्यावर पोचलो.

पण खाशाबांची कुस्ती स्टेडियममध्ये झाली नाही. ती जवळच्या मेस्सुहल्ली नावाच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये झाली. हा हॉल अजून आहे, नाव बदललंय, आता तिथे साधे नागरिक बॅडमिंटन, टेबल टेनिस खेळायला येतात. आमच्या विद्यार्थिनीने आत विचारून परवानगी घेतली आणि कॅमेरा फिरवला. लाकडी जमीन, उंच छत, एका कोपऱ्यात दोन म्हातारी माणसं टेबल टेनिस खेळत होती. “इथंच?” “होय, याच छपराखाली.” ५७ किलो गट, फ्रीस्टाइल, कांस्यपदक. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना. खाशाबांना तिथवर जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही हकीकत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षक म्हणून मला ती दरवेळी नव्याने लागते. एका शिक्षकाचं घर या हॉलच्या जमिनीसाठी गहाण पडलं होतं, आणि तिथे आता ते आजोबा टेबल टेनिस खेळत होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हात केला. पोरांनीही केला.

त्योलोत आणखी दोन गोष्टी दाखवल्या. १९६९ चं तेम्पेलिऔकिओ चर्च, खडक आतून पोखरून केलेलं, वर तांब्याचं छत. आमची पोरं एका सुरात ओरडली, “आगाशिव!” कराडजवळच्या आगाशिव डोंगरातली लेणी सहलीत बघितलेली आहेत ना. दुसरं, संगीतकार सिबेलियस यांचं स्मारक, सहाशेहून जास्त पोलादी नळ्यांचं. त्याला वर्गाने ‘बोअरचं पाईप’ म्हणून निकालात काढलं. १९६७ मध्ये ते उभं राहिलं तेव्हा खुद्द हेलसिंकीकरांनीही नाकं मुरडली होती, म्हणून बाजूला सिबेलियस यांचा चेहरा बसवावा लागला. म्हणजे आमची मुलं काही अगदी चुकली नाहीत.

शेवटचा कॉल बोटीतून. बाजारबंदरावरून निघणारी बोट ही शहराच्या बस-ट्रामच्या तिकिटातच चालते आणि पंधरा मिनिटांत सुओमेनलिन्नाच्या बेटांवर पोचवते. बर्फाचे तुकडे बाजूला सारत बोट चाललेली बघून वर्गात पिनड्रॉप शांतता! १७४८ मध्ये स्वीडनने रशियाला अडवायला हा सागरी किल्ला बांधायला घेतला. १८०८ मध्ये तो मोठी लढाई न होताच रशियाच्या हाती गेला. १९१८ मध्ये याच किल्ल्यात पराभूत ‘लाल’ कैदी कोंडले होते. १९९१ पासून हा जागतिक वारसा आहे. आपले किल्ले बघून आलेल्या मुलांना तटबंदीचं अप्रूप नव्हतं. त्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, इथे सुमारे आठशे माणसं राहतात. किल्ल्यावर दुकान, वाचनालय, प्राथमिक शाळा, आणि एक खुला तुरुंगही आहे, तिथले कैदी तटबंदीची डागडुजी करतात. “किल्ल्यावर शाळा? मंजी मास्तर बोटीनं येत आसतील?” कुणीतरी येत असेलच.

परतीच्या वाटेवर तिने नव्या वस्त्या भराभर दाखवल्या. अराबियानरांता, जिथे १८७३ मध्ये स्थापन झालेला अराबिया नावाचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता, २०१६ मध्ये तिथलं उत्पादन बंद झालं. कालासातामा, म्हणजे ‘मासळी बंदर’. मालवाहू जहाजं २००८ मध्ये वुओसारीच्या नव्या बंदराला गेली आणि मोकळ्या जागी उंच इमारती आल्या. तिथे कचरागाडी येत नाही, कचरा जमिनीखालच्या नळांतून हवेने खेचून नेतात. हे ऐकल्यावर दहा मिनिटं दुसऱ्या कशाचीही चर्चा झाली नाही. मग पूर्वेकडचं इतॅकेस्कुस, मेट्रोच्या वाटेवरचं, जगभरातून आलेल्या लोकांचं. शहरातली बहुतांश जमीन महापालिकेच्या मालकीची आहे, त्यामुळे नवी वस्ती करताना स्वस्त भाड्याची आणि विकतची घरं एकाच गल्लीत मिसळायची असं तिथलं धोरण. तरी पूर्व आणि पश्चिम भागांत उत्पन्नाचा, शिक्षणाचा फरक आहेच. म्हणून मागे पडणाऱ्या भागातल्या शाळांना महापालिका जादा निधी देते. स्वर्ग तोही नाही. पण फरक मान्य करून पैसे तिकडे वळवतात, हे मला महत्त्वाचं वाटलं.

इथे पाठ संपायला हवा होता. उपक्रम म्हणून मी मुलांना सांगितलं, आता आपल्या गावाचा असाच नकाशा काढा. कुठली आळी कधी वसली, तिचं नाव कशावरून पडलं, घरी म्हाताऱ्या माणसांना विचारा. मुलांनी छान कामं केली. कुंभारआळीत आता एकही चाक फिरत नाही, पेठेतला बाजार पूर्वी सोमवारी असायचा, असं बरंच काही आणलं. मोठ्या चार्टवर रंगीत नकाशा झाला. मी तपासला, सही केली, भिंतीवर लावला.

दोन दिवसांनी एक मुलगी नकाशासमोर बराच वेळ उभी होती. वर्गात फार न बोलणारी. मी जवळ गेलो तर म्हणाली, “सर, आमची वस्ती कुटं हाय?”

ओढ्यापलीकडची वस्ती नकाशात नव्हतीच. चौदा घरं. ओढा निळ्या खडूने सुंदर काढलेला आणि त्याच्या पलीकडे कागदाची कड. चार मुलं त्या वस्तीतून रोज येतात. नकाशा काढणाऱ्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, त्यांना ती गावात धरायची असते हेच सुचलं नव्हतं. आणि मला? पुलाच्या अलीकडे-पलीकडे यावर मी तीन तास शिकवलं होतं. सही माझी होती.

चार्ट उतरवला. पालकहो, काही जणांनी विचारलं की मार्चमधल्या त्या शनिवारी मुलं ओढ्यात काय करत होती, तर हे. सगळा वर्ग त्या वस्तीवर गेला. तिथल्या आजींनी सांगितलं की गावठाण भरलं तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी इकडे छपरं घातली. मुलीच्या आईने सगळ्यांना चहा दिला, कप पुरले नाहीत म्हणून दोन पाळ्या झाल्या. नव्या नकाशाला खाली आणखी एक कागद चिकटवला.

त्याचा फोटो हेलसिंकीला पाठवला. तिचा उलट प्रश्न आला, “सर, मस्त. पण पूल कुठे दाखवलाय?”

पूल नाहीच. फरशी आहे, ती पावसाळ्यात पाण्याखाली जाते. त्या दिवसांत ती चार मुलं शाळेत येत नाहीत. मी मागच्या पावसाळ्याचं हजेरीपत्रक काढून बघितलं. एकीच्या नावापुढे जुलै महिन्यात नऊ वेळा ‘गैरहजर’ आहे, माझ्याच अक्षरात. मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिलाय, सोबत नकाशाची प्रत जोडलीय, पोच मिळाली आहे. तूर्त मी एवढंच केलंय, की यंदा जूनपासून शेऱ्याच्या रकान्यात ‘ओढ्याला पाणी’ असं लिहायचं आणि त्या दिवशीचा अभ्यास संध्याकाळी फोनवर पाठवायचा. तुमच्या शाळेत अशी वस्ती असेल आणि तुम्ही याहून बरं काही करत असाल, तर मला नक्की कळवा.